कुर्डुवाडीची तार

फौजदार हिंदुरावांनी कागद टेबलावर आपटला. "कुर्डुवाडीला ही तार. आत्ताच्या आत्ता!"

तारबाबू शिवशरणने इंग्रजी मजकूर वाचला. गिरणी कामगार वीरभद्रप्पाला पकडा. अकरा वीसच्या बार्शी गाडीत बसू देऊ नका.

वीरभद्रप्पा त्याचा पाठचा भाऊ. शहरात लष्करी कायदा असताना त्याने पत्रकं वाटली होती. बार्शीची छोटी गाडी बैलगाडीसारखी चालायची; तिच्यातून मध्येच उतरून माणूस ज्वारीत शिरला की गावला नाही. पण आधी गाडी मिळायला हवी. घड्याळात अकराला पाच कमी होते.

एखादं अक्षर चुकवावं, असं मनात आलं. तेवढ्यात फौजदारांचं बोट दिसलं. यंत्राच्या कडकट्टाबरोबर ते बाकावर ठेका धरत होतं.

"बसऱ्याच्या लढाईत पलटणीच्या तारेवरच होतो मी," ते हसले. "सगळं समजतं. चालू दे."

शिवशरणने किल्लीवर बोटं टेकवली. तीन ठिपके, एक रेघ, व्ही. दोन ठिपके, आय. सख्ख्या भावाचं नाव तो एकेक अक्षर करून पोलिसांच्या हाती देत होता. एकही ठिपका चुकला नाही.

कुर्डुवाडीला यंत्रावर हुसेनसाब. वीरभद्रप्पाच्या लग्नात पंगतीला जेवून गेलेले. त्यांचं उत्तर आलं : समजलं नाही, पुन्हा पाठवा.

पुन्हा पाठवली. पुन्हा तेच उत्तर.

"बहिरा हाय का त्यो?" रागात फौजदारांची गावची बोली बाहेर आली.

शिवशरणच्या ध्यानात आलं. आठ वर्षांत हुसेनसाबांनी कधी एक अक्षर परत मागितलं नव्हतं. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं नाव मागितलं. चौथ्यांदा गाडीची वेळ. अकरा बावीसला उत्तर आलं : तार मिळाली. बार्शी गाडी सुटली.

फौजदार ओरडले नाहीत. त्याचीच भीती वाटली.

"तुझं काही चुकलं न्हाई. मी ऐकलंय." त्यांनी वही उघडली. "तितं कोण बसलाय?"

"चूक माझीच, साहेब."

"नाव सांग!"

"शिवशरण," तो म्हणाला. "वीरभद्रप्पाचा थोरला भाऊ. लिहा."