तलावाच्या जागी

नवऱ्याला तिसऱ्या मजल्यावरून खाली कसं आणायचं, या एकाच प्रश्नाने बाईंचं म्हातारपण पोखरून काढलं होतं.

उभ्या वस्तीत त्यांना 'पोहण्याच्या बाई' म्हणत. किनाऱ्यालगतच्या नगरपालिकेच्या तलावावर त्यांनी आयुष्यभर शिट्टी वाजवली होती. वस्तीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली हातपाय मारायला शिकली. नवरा धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. आयुष्यभर उघड्यावर काम, अंगाला डिझेलचा वास, आणि घरात दोन तास बसवलं तर पिंजऱ्यातल्या जनावरासारख्या येरझाऱ्या. अशा माणसाला अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. इस्पितळातून त्याला खुर्चीत बसवून वर आणलं, तो मग वरच राहिला. इमारतीला लिफ्ट नव्हती. जिना असा अरुंद की वळणावर दोन माणसं समोरासमोर आली, तर एकाने मागे फिरावं.

समुद्र इतका जवळ, की भरतीच्या वेळी खिडकीच्या गजांना खारट दमट थर धरायचा. पण दिसायचा नाही. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीचे पाइप आणि कुणाचे तरी वाळत घातलेले पायजमे. नवरा दिवसभर त्या पायजम्यांकडे बघत पडलेला असे.

"निळा आज नाही आला," तो कधीकधी अर्ध्या तोंडाने म्हणायचा. हसायचं की रडायचं, बाईंना कळत नसे.

तलाव बंद पडून बरीच वर्षं झाली होती. फरश्या उखडल्या होत्या, तळाला हिरवं शेवाळ आणि फाटक्या चपला. एके दिवशी त्याच्या फाटकावर नगरपालिकेचा फलक लागला: या जागी ज्येष्ठ नागरिकांसाठी घरं बांधण्याचा विचार आहे, तीन मजले, लिफ्ट, चाकाची खुर्ची जाईल अशी दारं, दिवसरात्र एक नर्स, रहिवाशांनी मतं कळवावीत. बाईंनी फलक पुन्हा पुन्हा वाचला आणि भाजी न घेताच घरी आल्या.

"अहो, ऐकलंत का? खालचा मजला मिळाला तर दारातून थेट वाळूत."

नवऱ्याने मान वळवली. "लाटा?"

"समोरच. बहिऱ्यालाही ऐकू येतील."

त्याने डावा हात उचलून त्यांच्या मनगटावर ठेवला. बऱ्याच दिवसांनी त्याने आपण होऊन हात पुढे केला होता.

चार दिवसांतच वस्तीला कंठ फुटला. आधी कुजबुज, मग दुकानात, मग न्हाव्याकडे, मग सगळीकडे. विरोधाचं पुढारपण दाताच्या डॉक्टरकडे होतं. लहानपणी तो पाण्यात नुसते बुडबुडे काढायचा, म्हणून बाईंनी त्याचं नाव बुडबुड्या ठेवलं होतं. आता त्याचं समुद्राकाठी दोनमजली घर होतं आणि शब्दाला वजन होतं. एका संध्याकाळी तो तीन जिने चढून धापा टाकत बाईंकडे आला.

"बाई, तुमचा तलाव कायमचा बुडवायला निघालेत. तुम्ही पुढे व्हा. तुमच्या शब्दाला मान आहे."

"तो बंद केला तेव्हा मी एकटी नगरपालिकेच्या पायऱ्या झिजवत होते. तेव्हा कुठे होता मान?"

"तेव्हा आम्ही लहान होतो, बाई."

"तुला तेव्हा मिशा होत्या."

तो हसला. हसून विषय गिळायची त्याची सवय जुनी होती. "आठवणी आहेत हो तिथे सगळ्यांच्या. आपल्या मुलांना पुन्हा तलाव मिळायला नको?"

बाईंनी पडदा सरकवून आतली खाट दाखवली. नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. "मला तिथे घर हवंय. ह्यांना खाली न्यायचंय."

डॉक्टरने खाटेकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "बाई, तुमच्यासारख्यांना कुणाचा विरोध आहे? प्रश्न बाकीच्यांचा आहे."

"बाकीचे म्हणजे कोण?"

"बाहेरचे हो. कुठले कुठले म्हातारे आणून टाकतील. आपल्या वस्तीचं काय होईल?"

बाईंनी त्याला पाणीही विचारलं नाही. केसाने गळा कापणारे पुष्कळ पाहिले होते त्यांनी, पण हा आपल्या हाताखालचा होता.

त्याहून कडू घोट घरातलाच होता. त्यांची एकुलती लेक तलावाच्या मागच्याच इमारतीत राहायची. शनिवारी ती बापासाठी सूप घेऊन आली आणि डबा ओट्यावर ठेवता ठेवता म्हणाली, "आई, तू सगळ्यांना सांगत सुटलीस म्हणे, तुला तिथे जायचंय."

"सांगते तर. चोरी आहे का?"

"अगं, ती इमारत उभी राहिली की आमच्या गॅलरीतून समुद्र गेला. आम्ही कशाच्या जोरावर ते घर घेतलं? उद्या विकायचं म्हटलं तर कुत्रं विचारणार नाही."

"तुझ्या बापाच्या खिडकीतून तो कधी होताच कुठे?"

"बाबांना मध्ये आणू नकोस. आमच्याकडे या म्हटलं होतं की नाही मी?"

म्हटलं होतं खरं. एकदाच, दारात उभं राहून, चप्पल पायात सरकवता सरकवता. काही आमंत्रणं अशी असतात, की ऐकणाऱ्याने नाही म्हणावं म्हणूनच ती दिली जातात. बाईंनी तेव्हा नाही म्हणून लेकीची अब्रू राखली होती. आता ते नाही म्हणणंच त्यांच्या माथी मारलं जात होतं.

"सूप निवेल," त्या म्हणाल्या.

सभा शाळेच्या सभागृहात भरली. मुलांच्या ठेंगण्या बाकांवर मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली होती. नगरपालिकेची एक तरुण इंजिनिअर मुलगी भिंतीवर नकाशे लावून समजावून सांगत होती. तिचं कुणी ऐकत नव्हतं. मग एकेकजण उठू लागला. प्रत्येकाची सुरुवात एकच: "वृद्धांबद्दल आम्हाला आदरच आहे, पण..."

पण रुग्णवाहिका दिवसरात्र बोंबलत येतील. पण गाड्या कुठे लावायच्या? पण दुपारनंतर वाळूवर सावली पडेल. एक बाई म्हणाली, रोज कुणीतरी मरणार, लहान मुलांच्या मनावर काय परिणाम होईल? न्हावी मागून म्हणाला, "म्हणजे आपण सगळे मरायला दुसरीकडे जाणार आहोत का?" लोक हसले, पण न्हावी भाड्याच्या खोलीत राहायचा, त्यामुळे त्याचं बोलणं हसण्यावारीच गेलं.

पहिल्या रांगेत दाताच्या डॉक्टरची आई बसली होती, चांगली साडी नेसून, लेकाकडे कौतुकाने बघत.

बाई उठल्या तेव्हा टाळ्या पडल्या. त्यांना भाषण येत नव्हतं. त्या शिट्टीचं माणूस, शब्दांचं नव्हे.

"मी तुमच्यातल्या बऱ्याच जणांना पाण्यात ढकललंय," त्या म्हणाल्या. "ढकलताना सांगायचे, घाबरू नका, मी काठावर आहे. आज मी तुम्हाला सांगते, आम्ही बुडतोय. माझा नवरा दोन वर्षं खाली उतरलेला नाही. तुम्ही सगळे त्याला ओळखता. तुमच्या बोटी त्याने दुरुस्त केल्यात. त्याला फक्त बाहेर यायचंय. एवढंच."

कुणी खाली पाहिलं, कुणी घसा खाकरला. क्षणभर बाईंना वाटलं, पारडं फिरलं.

तेवढ्यात त्यांची लेक उभी राहिली.

"आई थकलीय," ती म्हणाली. आवाज कापरा होता, आणि तो खोटा नव्हता, हेच वाईट. "तिला वाटतं आपण कुणावर ओझं होऊ नये. पण मी आज सगळ्यांसमोर सांगते, माझे आईवडील मला जड झालेले नाहीत. मी मेले नाहीये अजून. आपल्या माणसांना आपण सांभाळायचं, की सरकारच्या दारात सोडायचं?"

सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. एका फटक्यात सगळे सुटले होते; स्वार्थ करायचा आणि वर पुण्यही पदरात, असा सौदा रोज कुठे मिळतो? इंजिनिअर मुलीने विरोधात कोण, असं विचारलं. हात वर गेले. बाई ते हात बघत राहिल्या. त्यातल्या कितीतरी हातांना त्यांनी कोपर धरून पाणी कापायला शिकवलं होतं. बुडबुड्याचा हात सगळ्यांत उंच होता. त्याच्या आईनेही हात वर केला. लेकीने मात्र केला नाही. ती टिश्यूने डोळे पुसत होती.

घरी आल्यावर नवऱ्याने डोळ्यांनीच विचारलं.

"नाही झालं," बाई म्हणाल्या. लेकीचं बोलणं त्यांनी सांगितलं नाही.

"बरं," तो म्हणाला आणि पायजम्यांकडे वळला.

तलावाचं पुढे काय झालं म्हणाल, तर तलावही झाला नाही. नगरपालिकेने खड्डा बुजवला, वर डांबर ओतलं आणि सुट्टीत किनाऱ्यावर येणाऱ्यांच्या गाड्या तिथे उभ्या राहू लागल्या. त्याला कुणाचा विरोध नव्हता. गाड्यांची सावली लांब पडत नाही.

थंडीत नवऱ्याच्या छातीत कफ भरला. ओठ निळे पडायला लागले तशी बाईंनी रुग्णवाहिका बोलावली. दोन दांडग्या माणसांनी त्याला कापडी झोळीत घेतलं. वळणावर झोळी आडवी मावेना, तेव्हा त्यांनी त्याला कपाटासारखा उभा केला आणि तसाच खाली नेला. इमारतीतल्या बायका दारं किलकिली करून बघत होत्या. "काळजी घ्या हो," म्हणत होत्या.

फाटकाबाहेर वारं आलं. गल्लीच्या टोकाला समुद्राची हातभर पट्टी दिसत होती.

"थांब," नवरा म्हणाला.

पुढचा माणूस थांबला. माणूस चांगला होता बिचारा. नवऱ्याने नाक वर करून श्वास ओढला, खोकला, परत ओढला. तेवढ्यात मागून गाडीचा हॉर्न वाजला. कुणीतरी कुटुंबासह किनाऱ्यावर आलं होतं, आणि रुग्णवाहिकेने वाट अडवली होती. माणसाने बाईंकडे पाहिलं, खांदे पाडले आणि झोळी आत सरकवली.

तो वाचला. पण इस्पितळाच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, तिसरा मजला विसरा. बाईंनी लेकीकडे पाहिलं.

"आमच्या बाथरूमचं दार अरुंद आहे गं," लेक म्हणाली. "आणि मुलीची दहावी." मग तिनेच धावाधाव करून एक जागा शोधली. किनाऱ्यापासून लांब, सिमेंटच्या कारखान्यापलीकडे, दोन बस बदलून. "खूप स्वच्छ आहे, आई. मी स्वतः बघून आले." एका खोलीत चार खाटा होत्या. नवराबायकोने एकत्र राहायची सोय नव्हती.

बाई आठवड्यातून दोनदा जायच्या. नवऱ्याची दाढी करायच्या, नखं कापायच्या, वस्तीतली खबर सांगायच्या. खिडकीच्या काचेवर करडी पूड बसलेली असे. ओल्या फडक्याने त्या काच पुसायच्या. पुढच्या खेपेला पूड परत बसलेली असे.

अशाच एका दुपारी व्हरांड्यात त्यांना दाताचा डॉक्टर दिसला. चाकाच्या खुर्चीत त्याची आई, मांडीवर पिशवी, पिशवीवर घट्ट धरलेले दोन्ही हात.

"बाई! तुम्ही इथे?"

"हे इथे आहेत."

"इतक्या लांब?" तो म्हणाला, आणि मग स्वतःच हताश होऊन मान हलवली. "करणार काय म्हणा. आई पडली, मांडीचं हाड मोडलं. बायको नोकरीला, मी दवाखान्यात. आपल्याकडे जवळपास काहीच नाही ना, बाई. काही असतं तर मी रोज सकाळसंध्याकाळ डोकावून गेलो असतो."

बाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तो टोमणा मारत नव्हता, सारवासारवही करत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. लाज वाटून त्याने मान खाली घातली असती, तर कदाचित त्यांनी त्याला माफही केलं असतं.

"होतं की जवळ," त्या म्हणाल्या. "तलावाच्या जागी."

त्याचा चेहरा उतरला. "ते वेगळं होतं, बाई."

"काय वेगळं होतं?"

ऑफिसमधून कुणीतरी हाक मारली, तो सुटल्यासारखा आत गेला. त्याच्या आईने बाईंचा पदर धरला.

"मीही हात वर केला होता हो तेव्हा," म्हातारी म्हणाली. "तो म्हणाला, आई, वर कर. मला वाटलं, मला काय, मला मुलगा आहे." तिचे डोळे भरून आले होते. "तुम्ही येता ना इथे? माझ्याकडेही बसत जा थोडं. ओळखीचं कुणी नाही."

बाईंनी हलकेच पदर सोडवून घेतला. "बघू," त्या म्हणाल्या.

नवऱ्याची दाढी करताना त्यांनी सांगितलं, बुडबुड्याची आई आलीय, पलीकडच्या खोलीत.

"बिचारी," तो साबणातून म्हणाला.

बाईंना काही ते म्हणवेना. त्या वस्तरा फिरवत राहिल्या.

बाहेर आल्या तर डॉक्टर गाडीचं दार उघडून उभा होता. "बाई, चला, सोडतो. एकाच वाटेवर तर आहोत." गुडघे ठणकत होते, बसला वेळ होता. तरी बाई त्याच्यासमोरून चालत थांब्यावर गेल्या. तो थोडा वेळ थांबला, मग निघून गेला. बस आली ती खचाखच भरलेली. घरापर्यंत त्या उभ्याने गेल्या.

पुढच्या खेपेला त्या म्हातारीच्या खोलीवरून तशाच पुढे गेल्या. त्याच्या पुढच्या खेपेला दारात थांबल्या, जेवलात का, एवढंच विचारलं. म्हातारीने घाईघाईने खाटेवर सरकून जागा केली.

बाई बसल्या नाहीत.