शत्रूचा हल्ला

"तुम्हीच म्हणालात ना काका, हल्ला झाला असं लिही?"

मोहिनीचा आवाज चढला नव्हता, तरी रंगनाथकाकांनी कप खाली ठेवला. काका विमा एजंट, तिच्या वडिलांचे जिवलग मित्र. वडील गेल्यावर तिच्या लग्नाची बोलणी यांनीच केली. द्वारकेच्या चौकात तिने ट्रान्सपोर्टवाल्यांच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, कॉम्प्युटरवर चढवायचं सेंटर टाकलं, तेव्हा विमाही यांनीच उतरवला. तिने न वाचता सही ठोकली. घरच्या माणसाने पुढे केलेला कागद कोण वाचत बसतं हो?

कारगिलच्या त्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी फ्लॉपीतून व्हायरस शिरला. पडद्यावर शेजारच्या देशाचं नाव आणि चार शिव्या उमटल्या, नोंदी पुसल्या गेल्या, मशिनी मेल्या. भरपाई मिळाली नाही तर सेंटरला कुलूप, हे उघड होतं.

तेव्हा हेच काका म्हणाले होते, "नुसतं व्हायरस लिहिलंस तर साहेब लोक घोळ घालत बसतील. शत्रूचा हल्ला लिही. सध्या हवाच तशी आहे, चुटकीसरशी पास होईल."

तिने लिहिलं. आणि आज कंपनीने कळवलं, तुम्हीच शत्रूचा हल्ला म्हणता, मग हे युद्धाचं नुकसान झालं आणि ते आम्ही भरून देत नाही.

"युद्धाला विमा लागू नसतो, हे तुम्हाला माहीत होतं?"

काका खिडकीबाहेर बघू लागले. "पैसे द्यावे लागू नयेत म्हणून शाखेच्या साहेबांनीच मला तसं सुचवलं. ऐकलं नसतं तर एजन्सी गेली असती, पोरी. या वयात मी कुठे जाणार?"

मोहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. परक्याने फसवलं असतं तर शिव्या हासडून मोकळी झाली असती. इथे आपल्याच माणसाने केसाने गळा कापला होता, आणि वर पोरी म्हणत होता.

"चहा घ्या," ती म्हणाली. "गार होतोय."

काका खाली मान घालून गेले. आत सविता जमिनीवर बिल्ट्यांचे गठ्ठे लावत बसली होती. पेठ तालुक्याकडची पोर, इथेच टायपिंग शिकलेली.

"ताई, काय म्हनले काका? नव्या मशिनी कधी येतील?"

मोहिनीने चहाचे कप आत आणून ठेवले.

"मेनरोडचं दुकानवालं कामाला ये म्हनून लय मागं लागलं होतं. मी सांगून आले, नाय येत. तुम्ही म्हनल्या ना, काकांनी सांगितलंय म्हंजे मिळनारच."

मोहिनी तिच्या शेजारी खाली बसली. तिच्या हातातला गठ्ठा काढून तिने बाजूला ठेवला.

"सविता," ती म्हणाली, "उद्या त्या दुकानात परत एकदा विचारून ये."