फळ्यांच्या फटींतून

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी जमीन आहे. रोह्याजवळच्या अष्टमीत इझिकेल मास्तरांच्या माडीवर माझ्या एकोणतीस फळ्या ठोकलेल्या आहेत. मास्तरांच्या वडिलांनी त्या स्वतः पारखून आणल्या होत्या. वरून पाहिले तर मी जमीन, खालून पाहिले तर स्वयंपाकघराचे छत.

माझी खरी देखभाल केली मिरियमबाईंनी. दर शुक्रवारी सकाळी, शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाच्या, तयारीत, त्या गुडघे टेकून मला पुसत. त्यांना दमा होता. चार फळ्या पुसून झाल्या की थांबत, श्वास घेत आणि पुन्हा पुसू लागत. तरी वयाने माझा रंग विटलाच. पाहुणे आले की मला सतरंजीखाली झाकू लागले. मला फार वाईट वाटे.

१९९५ साली इस्रायलहून पत्र आले. मुलगा एझ्रा नऊ वर्षांनी घरी येणार होता. मास्तरांनी मला नवी करायचे ठरवले. पेणच्या जनू सुताराने पॉलिशचे डबे देताना बजावले होते, "मास्तर, खिडक्या उघड्या ठेवा. आन् बाईंना चार दिस दुसरीकडं पाठवा. ह्याची वाफ लय वाईट हाय."

पण ओल्या पॉलिशवर धूळ बसेल म्हणून मास्तरांनी खिडक्या लावून घेतल्या. पॉलिश पेपरने मला घासले आणि अर्ध्या फळ्यांवर पहिला हात फिरवला. मी लखलखले. खरे सांगते, मला गर्व झाला.

तो उग्र वास मात्र माझ्या फटींतून खाली उतरत होता. खाली मिरियमबाई नाकाला पदर लावून भाकऱ्या भाजत होत्या, खोकला दाबत होत्या.

"त्रास होतोय का गं?" मास्तरांनी वरूनच विचारले.

"काही नाही हो. तुम्ही काम संपवा. एझ्रा येतोय."

मला सगळे ऐकू येत होते, पण बोलता येत नव्हते.

थोड्या वेळाने खाली तवा दाणकन पडला. शेजारची शकू धावत आली.

"आदी स्टो इझवा! मास्तर, खिडक्या उघडा! हिचा श्वास कोंडलाय!"

तिने मिरियमबाईंना धरून अंगणात आणले. त्यांचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले. तासाभराने त्या नीट बोलू लागल्या. मास्तर जवळच बसले होते, हाताचे पॉलिशही त्यांनी पुसले नव्हते.

"मी विचारलं होतं गं तुला," ते म्हणाले.

"वरून विचारलंत," मिरियमबाई म्हणाल्या.



आठ दिवस मिरियमबाई शकूकडे राहिल्या. खिडक्या सताड उघड्या होत्या. धूळ माझ्यावर बसली आणि चिकटलीसुद्धा. उरलेले डबे मास्तरांनी जनूला परत केले.

एझ्रा आला, माडीवर चढला आणि थबकला. "पप्पा, अर्धीच?"

"अर्धीच," मास्तर म्हणाले. "तुझी आई मात्र अख्खी आहे."

मग ती तिघे माझ्या विटक्या भागावर मांडी घालून जेवली. त्या दिवशी मला सतरंजीखाली झाकायचे कुणालाच सुचले नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जरूर जपा, पॉलिशही करा. पण आधी खिडक्या उघडा आणि घरच्यांना मोकळ्या हवेत पाठवा. आणि खालून कुणी 'काही नाही' म्हणाले, तर हातातले काम ठेवून जिना उतरा.