दूध प्यायला शिकवणारी

"हात धुतलेत ना? मग या की आत," रश्मीने दार अर्धवट उघडून म्हटलं.

रितेश जागचा हलला नाही. "हितनंच बघतो, मॅडम. काचेतनं दिसतंय चांगलं."

"पण काचेतून बाळाला तुमचा आवाज ऐकू येत नाही."

"नको." न्हावा शेवा बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवणारे ते दांडगे हात त्याने पाठीमागे नेले.

रश्मी आत गेली. चौलची ही पोर नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात थेरपिस्ट होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना कसं निजवायचं, कसं धरायचं, चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ कसा बसवायचा, हे तिचं काम. लोक तिला मालिशवाली समजत. तिची आई, चंदाबाई, एकदा कौतुकाने म्हणाली होती, "आमची रश्मी पोरांना दूध प्यायला शिकवते." शेजारीण फिसकन हसली. "अगो बाय, त्ये काय शिकवावं लागतंय?"

लागतं. रितेशची मुलगी दोन महिने आधीच जन्मली होती. तिच्या आईला, मनालीला, बाळंतपणात झटके आले होते आणि ती अजून वरच्या मजल्यावर पडून होती. तिचं दूध वाटीतून खाली यायचं आणि नळीने बाळाच्या पोटात जायचं. चमच्याने थेंबभर तोंडात घातलं, की बाळ गिळायचं आणि श्वास घ्यायलाच विसरायचं. ओठ निळे पडायचे, यंत्र कोकलायला लागायचं. आजही तेच झालं. रश्मीने पाठ चोळचोळून तिला श्वासावर आणलं. डॉक्टर म्हणाले, "तोंडाने देणं थांबवू या सध्या." रश्मीलाही ते पटलं. या पोरीला आधी कुणाच्या तरी छातीची ऊब हवी होती.

दुपारी ती बाहेर बाकावर रितेशच्या शेजारी जाऊन बसली.

"कशाची भीती वाटते, दादा?"

"पयला पोरगा झाला, तवा सिस्टरनी माज्याच हातात दिलेला. मी धरला आन् गेला. मनाली बेशुद्ध व्हती, तिनं बगितलाबी न्हाय. आमच्या घरात त्याचं नाव कोन काढत न्हाय."

रश्मी म्हणाली, "तुमच्या हातांनी नाही गेला तो. जाताना तुमच्या हातात होता. एकटा नाही गेला."

रितेशने तोंड फिरवलं. मग तो उठला आणि बेसिनपाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुऊ लागला.

उघड्या छातीवर बाळ ठेवलं तेव्हा तो खुर्चीत लाकडासारखा ताठ झाला. यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा घसरायला लागला.

"घ्या! घ्या हिला, मॅडम!"

रश्मीने बाळाची हनुवटी जराशी वर केली आणि रितेशचा हात बाळाच्या पाठीवर दाबून धरला. "श्वास घ्या."

"ती घेत न्हाय ना!"

"तुम्हाला सांगतेय. श्वास तुम्ही रोखून धरलाय."

त्याने भला मोठा सुस्कारा सोडला. छाती खाली गेली, वर आली आणि तिच्याबरोबर बाळही. आकडा चढू लागला. रितेश हसला की रडला, ते त्याचं त्यालाही कळलं नसावं.

मग तो रोज यायचा. सुटी मिळेना, तर पाळी उरकून तसाच, डोळे तारवटलेले. बाळ त्याच्या छातीवर निजायचं आणि झोपेतच रश्मीचं बोट चोखायचं. आधी दमायचं, पुढे दमेनासं झालं. डॉक्टरांनीच मग म्हटलं, "आता तोंडाने देऊन बघू या."

रितेशने मनालीला चाकाच्या खुर्चीतून खाली आणलं. रश्मीने बाळाला कुशीवर वळवून छातीशी लावून दिलं. बाळाने दोन-तीनदा चोखलं, गिळलं, थांबलं. तिघांचीही नजर त्या इवल्याशा ओठांवर. ओठ गुलाबीच राहिले. बाळाने श्वास घेतला आणि पुन्हा चोखायला लागलं.

"पितेय गो बाय!" मनालीच्या डोळ्यांना धारा लागल्या.

रश्मी भिंतीला टेकली.

रितेश वाकून बाळाकडे बघत होता. "पयल्याचं नाक असंच व्हतं," तो हळूच म्हणाला.

मनालीने मान वर केली. त्या पोराबद्दल एवढ्या वर्षांत त्याने काढलेला हा पहिला शब्द.

"आजून सांगा," ती म्हणाली.

रश्मीने त्यांच्याभोवतीचा पडदा ओढून घेतला आणि ती पलीकडच्या बाळाकडे गेली.