चारशे बारा वेळा, तीन कान

धुळाप्पाची घोंगडी विकायला त्याच्या नातीनं, ऋतुजानं, वेबसाइट काढली. आठव्या दिवशी तो माझ्या शिकवणीच्या ओट्यावर आला आणि मुलांसमोरच सांगू लागला, की करकंबच्या बाजारातली वीस वर्षांची जागा उद्या पुतण्याला, जोतिरामला, देऊन टाकतो. आता गिऱ्हाईक फोनवरच येतं. आठवड्यात चारशे बारा आलं.

घोंगडी किती गेली, असं मी विचारलं. एकही नाही. पण नवं दुकान दमानं बसतं, असं त्याचं म्हणणं.

ऋतुजा समोरच गणितं सोडवत बसली होती. तिला आकडे उघडायला सांगितले. पानं उघडली गेली चारशे बारा वेळा. खाली बारीक अक्षरांत होतं, भेट देणारे तीन.

साइट रोज कोण उघडतं, असं विचारल्यावर धुळाप्पा खुलला. दुकान म्हटलं की सकाळी उघडायला हवं, म्हणून तो फोनला भंडारा लावून ती उघडायचा. शिवाय नव्या कामाला भावकीचा हात लागावा, म्हणून वस्तीवरच्या साऱ्यांना स्वतःचाच फोन देऊन ती उघडायला लावायचा. त्यातल्या निंगप्पाचा हात गुणाचा, म्हणून त्याला दिवसातून चारदा.

मुलं हसली. त्यांना गप्प करून मी म्हणालो, "मेंढरं कोंडताना एकच मेंढरू दहादा आत-बाहेर झालं, तर दहा मोजतोस का?"

"खुळा हाय का मी, गुरुजी? कानाची खूण बगतो की."

"साइटही फोनचा कान बघते. दार चारशे बारा वेळा वाजलं. कान तीनच."

त्यानं बोटांवर मोजलं. एक आपला, एक नातीचा. तिसरा? ऋतुजानं पाहून सांगितलं, की तिसऱ्यानं एकच पान उघडलं, आणि तिथं अकरा मिनिटं थांबला. धुळाप्पा हरखला. हे खरं गिऱ्हाईक.

त्याला जेवायला बोलवायला आलेली त्याची बायको, म्हाळसाबाई, ओट्याच्या पायरीवरूनच म्हणाली, "ती मी. दिसभर कुणासंगं बोलत बसता, ते बगाया गेले. तर तितं माजाच फोटू. बरा आलाय की."

जोतिरामला जागा मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात धुळाप्पानं नियमच केला. आधी आपापल्या फोनवर साइट उघडायची, मग घोंगड्याला हात लावायचा.

संध्याकाळी तो ओट्यावर आला, तो बारीक अक्षरंच बघत.

"एकोणीस नवं कान, गुरुजी," तो म्हणाला. "आन् दोन घोंगडी गेली. बाजारातच."