शेजाऱ्याचं काम

सिनेमा करणारी मंडळी इनमिन पाच. दिग्दर्शन करणारी एरवी शाळेत गणित शिकवायची. कॅमेरावाला लग्नाचे फोटो काढून पोट भरायचा, त्याला सगळे दाढी म्हणत. आवाज मुद्रित करणारा तो कान, आणि संकलन करणारी ती कात्री. पाचवे मामा. ते दिग्दर्शिकेचे सख्खे मामा, पण बघता बघता सगळ्यांचेच मामा झाले होते. बस चालवण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले, स्वतःची एक जुनी व्हॅन बाळगून असलेले. सुट्टीच्या दिवशी शूटिंग असलं की दिवे, तारा, खुर्च्या आणि माणसं त्या व्हॅनमध्ये कोंबून ते सगळ्यांना जागेवर पोचवायचे आणि जेवणाची वेळ झाली की कुणाचंही न ऐकता काम थांबवायचे.

सिनेमा एका एकट्या म्हाताऱ्या बापाचा होता. त्याच्याकडे रोज संध्याकाळी शेजारी येऊन बसतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि जातो. शेजाऱ्यासाठी ठरवलेला नट ऐन वेळी फिरकलाच नाही. दिवसभराची तयारी वाया जायची वेळ आली, तेव्हा भाचीने मामांकडे पाहिलं. मामांनी आधी हसण्यावारी नेलं. मग व्हॅनच्या आरशात बघून भांग पाडला आणि खुर्चीत येऊन बसले. त्यांनी काम चांगलं केलं. नुसतं गोड मानून घ्यावं असं नव्हे, खरंच चांगलं. पुढे त्यांच्यासाठी आणखी प्रसंग लिहिले गेले. त्यांनी ते इतके पाठ केले की गाडी चालवतानाही पुटपुटत असायचे. एकदा वळण चुकून सगळ्यांना भलत्याच गावाच्या रस्त्याला घेऊन गेले, आणि महिनाभर त्यावरून त्यांची चेष्टा चालली.

संकलन कात्रीच्या घरी, मागच्या खोलीत चालायचं. एका दुपारी भाची तिथे गेली, तेव्हा कात्रीने तिला सिनेमा दाखवला. त्यात शेजारी नव्हता. बाप दाराकडे बघत बसायचा आणि दार वाजायचं नाही, एवढंच.

"आता बाप एकटा वाटतो," कात्री म्हणाली. "आधी नव्हता वाटत."

भाचीला ते बघताक्षणी पटलं. पुढे तिला सगळ्यात जास्त खात राहिलं ते हेच. ते प्रसंग उडाले तेव्हा तिला वाईट वाटलं नव्हतं, आनंद झाला होता. सिनेमा अखेर सापडल्याचा आनंद. मामांचा चेहरा तिला घरी जाताना आठवला, तोही जिना उतरून रस्त्यावर आल्यावर.

सांगायचं कुणी, यावर पुष्कळ दिवस ढकलाढकली झाली. ती दाढीला म्हणाली, तुझं त्यांच्याशी जमतं, तू बोल. दाढी म्हणाला, मामा तुझे आहेत. कान म्हणाला, आपण सगळे मिळून जाऊ, आणि मग कुणालाच वेळ झाला नाही. शेवटी एका रविवारी ती एकटीच मामांकडे गेली. मामी गेल्यापासून मामा एकटेच राहत. त्यांनी हौसेने स्वयंपाक केला होता. टेबलावर नवा कोट पसरलेला होता, शिंप्याकडून बाह्या कमी करून आणलेला. मुलगी, जावई आणि नातवंडं खास सिनेमासाठी येणार होती. बस डेपोतल्या जुन्या दोस्तांनाही आमंत्रण गेलं होतं. मामा हे सगळं सांगत राहिले, आणि तिला तोंड उघडणं जिवावर आलं.

जेवण झाल्यावर त्यांनी भांडी विसळता विसळता, पाठमोरंच विचारलं, "कसा दिसतो गं मी? खरं सांग हं."

"छान दिसता, मामा," ती म्हणाली.

ते खोटंही नव्हतं. पण वेळ मारून नेली होती, आणि ते तिचं तिला कळत होतं. त्यानंतर सांगणं आणखी अवघड झालं, कारण आता नुसतं न सांगणं राहिलं नव्हतं. तिने मनाशी ठरवलं की सिनेमाच्या आदल्या दिवशी फोन करू. त्या दिवशी ती खुर्च्या, पडदा आणि पाहुणे यांत बुडून गेली, किंवा तिने स्वतःला बुडवून घेतलं.

पहिला खेळ एका छोट्या सभागृहात, सकाळी होता. मामा कोट घालून आले. सोबत मुलगी, जावई, नातवंडं, आणि डेपोची सगळी फलटण. त्यांनी मधली एक अख्खी रांग धरली. भाची दारात उभी होती. आताही दोन शब्द बोलता आले असते. मामा जवळ आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेले.

ती त्यांच्या मागच्या रांगेत बसली. पडद्यावर बाप संध्याकाळी दाराकडे बघत बसला, तेव्हा मामा खुर्चीत सरसावून बसले. दार वाजलं नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. धाकट्या नातीने मोठ्याने विचारलं, "आजोबा कधी येणार?" आणि आजूबाजूचे लोक कौतुकाने हसले. मामांनी तिला हळूच सांगितलं, "येतील हं." थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं. या वेळी कुणी हसलं नाही. मामांनी तिला उचललं, खाली वाकून रांगेतून वाट काढली आणि बाहेर गेले. ते परत आले नाहीत.

भाचीला उठवेना. सिनेमा संपेपर्यंत ती त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. शेवटच्या नामावलीत "वाहन" या शब्दापुढे मामांचं नाव आलं, आणि डेपोच्या दोस्तांनी बिचाऱ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मामेबहीण मागे वळली, तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि पर्स उचलून निघून गेली.

मामा बाहेर पायऱ्यांवर बसले होते. नात त्यांच्या कोटाची बटणं लावत आणि काढत होती. भाची समोर जाऊन उभी राहिली.

"मी वाईट केलं होतं का काम?" मामांनी विचारलं.

"नाही, मामा. चांगलं केलं होतंत. सिनेमाला ते... तुमच्याशिवाय तो बाप एकटा वाटतो."

मामांनी मान हलवली. त्यांना ते समजलं, असं वाटलं. मग म्हणाले, "सांगायचंस गं. मी एकटा आलो असतो."

सिनेमाचं पुढे बरं झालं. चार ठिकाणी दाखवला गेला, पेपरात लिहून आलं. जो तो त्या रिकाम्या संध्याकाळींचं कौतुक करायचा, आणि प्रत्येक वेळी तिला पायऱ्यांवर बसलेले मामा दिसायचे. मन इतकं खायला लागलं की एका संध्याकाळी ती थेट डेपोसमोरच्या चहाच्या टपरीवर गेली. तिथे मामा दोस्तांबरोबर बसलेले असायचे. तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं: मामांचं काम उत्तम होतं, ते मी काढलं, आणि माहीत असून लपवलं. बोलताना तिला रडू आलं. दोस्त गडबडले. एक जण म्हणाला, जाऊ दे पोरी, आम्ही तर विसरलोसुद्धा. दुसऱ्याने चहा पुढे केला.

मामा तिला टपरीपासून बाजूला घेऊन गेले. ते चिडलेले तिने पहिल्यांदाच पाहिले.

"हे विसरले होते, आणि मी विसरत होतो," ते म्हणाले. "तू कुणासाठी आलीस इथे? माझ्यासाठी, की तुझ्यासाठी?"

ती चहा तसाच ठेवून परत आली. माफी मागतानाही आपण आपलंच ओझं उतरवायला गेलो होतो, हे तिला बसमध्ये खिडकीशी बसल्यावर उमगलं, आणि त्यानंतर तिने त्यांना फोन करायचंही धाडस केलं नाही.

पुढच्या वर्षी नव्या सिनेमाची जुळवाजुळव सुरू झाली. दाढी दुसरी गाडी शोधत होता. तेवढ्यात मामांचाच फोन आला, कुठून तरी कानावर आलं म्हणाले. "व्हॅन लागेल ना?" त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली, आणि आणखी काही बोलायच्या आत त्यांनी निघायची वेळ विचारून घेतली.

ते आले, दिवे उतरवले, तारा ओढल्या, जेवणाची वेळ झाल्यावर सगळ्यांना दटावून बसवलं. फक्त कॅमेरा लागला की ते व्हॅनमागे जायचे. एकदा रस्त्यावरच्या दृश्यात मागून जायला एक माणूस कमी पडला. नव्याने आलेल्या मुलीला काही ठाऊक नव्हतं. तिने सहज हाक मारली, "मामा, तुम्ही चालता का तेवढं?"

सगळे जागच्या जागी थांबले. कानाने हेडफोन काढला.

"मला टायर बघायचाय," मामा म्हणाले आणि गाडीकडे वळले.

भाचीने त्यांना थांबवलं नाही. दाढीला म्हणाली, मी जाते. तिने ओढणी नीट केली, रस्त्याच्या त्या टोकाला जाऊन उभी राहिली, आणि कॅमेरा सुरू झाल्यावर मान खाली घालून चालत गेली. कात्री म्हणाली, चाल अवघडलेली दिसते, पुन्हा घेऊ. पुन्हा घेतलं, तरी ती अवघडलेलीच दिसली.