एका सुराचे धनी

अग्निया ल्वोव्ना आमच्या गावी आल्या त्याच मुळी भांडून. त्यांच्या विद्यापीठातले रोदिओन ग्लेबोविच म्हणजे संगीताच्या इतिहासातलं बडं प्रस्थ. त्यांनी बाईंच्या प्रबंधातल्या एका प्रकरणावर लाल रेघ मारून शेजारी लिहिलं होतं, "होऊच शकत नाही."

ते प्रकरण होतं शिंगवाल्यांवर. जुन्या काळी आमच्याकडच्या जमीनदारांनी आपल्या कुळांतली माणसं धरून शिंगांचे ताफे केले होते. गंमत अशी की एका शिंगातून एकच सूर निघायचा. कुणाचं शिंग वीतभर, कुणाचं माणसाहून लांब. जो 'रे' फुंकायचा तो जन्मभर 'रे'च फुंकायचा. पाहुणे यायचे, ऐकून थक्क व्हायचे, आणि मालकाचं कौतुक करून जेवायला बसायचे. फुंकणाऱ्यांबद्दल पुढे कुणी काही लिहिलं नाही. लिहिलं ते एवढंच, की ती माणसं नव्हेत, पियानोच्या पट्ट्या होत्या. मात्रा मोजायच्या, पाळी आली की फुंकायचं.

बाईंना हे साफ नामंजूर होतं. "फाइना पेत्रोव्ना," त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अख्खं गाणं डोक्यात असल्याशिवाय त्यातला एक सूर नेमका पडत नाही. ती माणसं कलावंत होती. मी दाखवून देणार."

मी इथल्या संग्रहालयाची रखवालदारीण म्हणा, व्यवस्थापिका म्हणा. आमच्याकडे त्या ताफ्यातली मूळ शिंगं आहेत, पण इतकी झिजलेली की हात लावायची भीती. तेव्हा बाई तडक नदीपलीकडच्या बोटदुरुस्तीच्या कारखान्यात गेल्या आणि तिथल्या प्रोखोर काकांना पटवून आल्या. काकांनी पितळी नळ्यांची तशीच नवी शिंगं केली. सगळ्यात मोठं शिंग मात्र स्वतःकडे ठेवलं.

"हे मीच फुंकणार," ते म्हणाले. "बायकोपुढे आवाज निघत नाही, इथे तरी निघू दे."

मग बाईंनी गावातून माणसं गोळा केली. अग्निशमन दलातले दोघे भाऊ, बेकरीतली ल्युबावा, शाळेतले गणिताचे मास्तर, आणखी कितीतरी. माझ्या वाट्याला 'ला' हा सूर आला.

सुरुवातीला आम्ही संग्रहालयाच्या दालनात मात्रा मोजून वाजवायला गेलो. असा गोंधळ माजला की बाहेर कुत्री भुंकायला लागली. मास्तर तर मोजण्यात इतके गुंतले की फुंकायचंच विसरले.

"मास्तर, हिशेब जुळला का?" ल्युबावाने टोमणा मारला.

"जुळला, पण गाणं केव्हाच संपलं!"

बाई हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. "शिंगं खाली ठेवा," त्या म्हणाल्या. "आधी गा."

ते आमच्या नदीकाठचं जुनं लग्नाचं गाणं होतं. हिवाळाभर आम्ही ते गायलो. चहा पिताना, कोबीच्या कचोऱ्या खाताना, बर्फ उपसताना. फेब्रुवारीत बाईंनी पुन्हा शिंगं हाती दिली. त्या संध्याकाळी गाणं या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग वाजलं. मोजत कुणीच नव्हतं. ल्युबावा ढसाढसा रडली.

बाईंनी तिथल्या तिथे रोदिओन ग्लेबोविचना फोन लावला. "एप्रिलात या. ऐका आणि मग लाल रेघ मारा."

ते आले. उंच, गोरेपान म्हातारे, गळ्यात रेशमी रुमाल. आणि नेमकं त्याच दिवशी सकाळी नदीतला बर्फ फुटला. मोठाले तुकडे एकमेकांवर आदळत वाहू लागले. पायी जायची सोय नाही, होडीचीही नाही, आणि प्रोखोर काका त्यांच्या थोरल्या शिंगासकट पलीकडच्या तीरावर!

फोनवर ते ओरडत होते, "पोहत येऊ का?"

"मूर्खपणा करू नका काका," बाई म्हणाल्या. "घरीच बसा."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. खालचा 'दो', म्हणजे काकांच्या थोरल्या शिंगाचा सूर, नाही म्हणजे घराला पायाच नाही. मी बाईंना बाजूला घेतलं. "उद्यावर ढकलू या."

"बर्फ आठवडाभर वाहणार, आणि रोदिओन ग्लेबोविच उद्या निघणार. आत्ताच वाजवायचं."

"आणि काकांचा सूर?"

"राहू दे रिकामा."

आम्ही सुरू केलं. काकांची पहिली जागा आली. मी तेव्हा थांबलेली होते, शिंग ओठांपासून दूर होतं. आणि मला माझाच आवाज ऐकू आला. खालचा 'दो', तोंड मिटून, घुमवलेला. दचकून पाहिलं तर शेजारी मास्तरही घुमत होते, पलीकडे ते दोघे भाऊही. ज्याची ज्याची पाळी नव्हती तो प्रत्येक जण काकांची जागा भरत होता. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पुढच्या जागेला आवाज आणखी भरदार झाला. शेवटाला तर भिंती घुमल्या.

वाजवणं थांबलं. रोदिओन ग्लेबोविचनी गळ्यातला रुमाल सैल केला. मग म्हणाले, "हे आधी बसवलं होतंत?"

"सकाळपर्यंत काका येणारच होते," बाई म्हणाल्या. "विचारा कुणालाही."

त्यांनी खरंच एकेकाला विचारलं. मास्तर म्हणाले, "अहो, भोक पडलं होतं. बुजवायला नको?"

"पण अग्निया ल्वोव्ना, आजच्या माणसांना जमलं, म्हणून तेव्हाच्यांनी तसंच केलं असं सिद्ध होत नाही," रोदिओन ग्लेबोविच बाईंकडे वळून म्हणाले.

"नाही होत," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्याचे पुरावे मी प्रकरणात दिलेत, त्यांवर खुशाल भांडा. पण 'होऊच शकत नाही' हे तुमचं वाक्य तेवढं आज गेलं."

म्हातारबुवा आधी गंभीर झाले, मग खो खो हसत सुटले. "गेलं खरं! आता काही खायला आहे का?"

ल्युबावाने खारवलेल्या अळिंब्या आणि गरम कचोऱ्या पुढे केल्या. जेवता जेवता त्या दोघांची पुराव्यांवरून पुन्हा जुंपली, आणि आम्ही सगळे मध्ये तोंड घालत होतो, कारण आता आम्हालाही मत होतं.

प्रकरण प्रबंधात राहिलं. रोदिओन ग्लेबोविचनी त्याला चार हरकती जोडल्या. बाईंनी तीन हरकतींना उत्तर दिलं, आणि चौथी मान्य करून मजकूर सुधारला. छापील प्रत घेऊन त्या जूनमध्ये आल्या, ती पहिली प्रोखोर काकांच्या हाती दिली, आणि बूट काढता काढताच मला म्हणाल्या, "फाइना पेत्रोव्ना, घाटावर धुणं धुताना बायका जी गाणी म्हणायच्या, त्यांच्यावर कुणीच काम केलेलं नाही, ठाऊक आहे?"